मराठी वेबसाइट करताना या चुका टाळा

आमचा स्टुडिओ चार जणांचा. कामं येतात ती दवाखान्यांची, पतसंस्थांची, शाळांची, ट्रेकिंग ग्रुपची, आणि साइट बहुतेकांना मराठीतच हवी असते. इतकी वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते: डिझाइनच्या पहिल्या फ्रेमपासून खरा मराठी मजकूर हवा. लोरेम इप्समवर, म्हणजे जागा भरायला टाकलेल्या निरर्थक मजकुरावर, क्लायंटची मंजुरी घ्यायची आणि शेवटच्या आठवड्यात त्याच चौकटीत मराठी ओतायचं, इथेच निम्मं काम बिघडतं.

ओळींना श्वास घ्यायला जागा नसणं

रोमन अक्षरांपेक्षा आपल्या अक्षरांच्या वर आणि खाली खूप काही घडतं. वर रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. इंग्रजीसाठी ठरवलेली १.२ची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) तशीच ठेवली, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मी मजकुराला १.६ ते १.७ आणि शीर्षकांना साधारण १.४ ठेवते. बटणाला ठरावीक उंची कधीच देऊ नका, पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवती मोकळी जागा, द्या. ठरावीक उंची आणि जोडीला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवायची सूचना) असेल तर ‘पूर्तता’मधला रफार कापला जातो. तपासायला आमचं ठरलेलं वाक्य आहे: ‘कर्तृत्वाची पूर्तता, वृद्धांची शुश्रूषा’. यात काही कापलं गेलं नाही, तर सहसा पुढेही जात नाही.

लेटर-स्पेसिंग

तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यात, शीर्षकांना आणि मेन्यूला थोडं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ते पाच-सहा ठिकाणी असतं, म्हणून एकदा शोधून सगळीकडचं काढा.

‘दऱ्या’चा ‘दर्या’ होणं

एका ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘सह्याद्रीतल्या खोल दर्या’. दऱ्यांचा समुद्र झाला होता. फॉन्ट बदलला, ब्राउझर बदलला, काहीच फरक नाही. दोन तासांनी कारण सापडलं. त्यांचं जुनं माहितीपत्रक युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच कोड) येण्यापूर्वीच्या काळातल्या फॉन्टमध्ये होतं, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढला होता. त्या कन्व्हर्टरनं ‘ऱ्य’ लिहिताना साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो-विड्थ जॉइनर, अशी रचना वापरली होती. आणि मजकूर ‘स्वच्छ’ करायला आम्हीच लिहिलेली स्क्रिप्ट सगळी अदृश्य चिन्हं उडवत होती. जोडक गेला, उरला रफार.

उपाय दोन. अदृश्य चिन्हं सरसकट काढू नका. मराठीत त्यांना काम असतं. आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ने लिहून घ्या, मग जोडकाची गरजच उरत नाही. रूपांतर केलेल्या मजकुरात ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा. सगळे एका फटक्यात बदलायला जाऊ नका, कारण ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बरोबरच असतात. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकच मानणारं यंत्र इथे चालत नाही, माणूसच बसवावा लागतो. त्याच फेरीत विसर्गही पाहून घ्या: ‘दुःख’मध्ये अनेकदा विसर्गाऐवजी कोलन टाइप केलेला असतो आणि मग शोधताना तो शब्द सापडत नाही.

भाषा न सांगणं

थीमच्या सुरुवातीच्याच एका ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि ती तशीच राहते. तिथे मराठीचा कोड, ‘एमआर’ (mr), टाका. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात लगेच आपण शाळेत गिरवलेले ल आणि श दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ‘लाल शाल’ लिहून बघा. टायरो देवनागरी या फॉन्टची तर मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळी कुटुंबंच आहेत. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) हाच कोड पाहून आवाज निवडतो, त्यामुळे ही ओळ माझ्या मते सगळ्यात आधी दुरुस्त करायची.

खोटा ठळकपणा

फॉन्टचं एकच वजन (जाडी) लोड केलं आणि शीर्षक बोल्ड ठेवलं, तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो. ध, भ, क्ष यांच्या पोकळ्या बुजतात. ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) अशी दोन खरी वजनं घ्या, तिसरं टाळा, कारण देवनागरी फाइल जोडाक्षरांमुळे जड असते. ती हलकी करायला स्वतः अक्षरं छाटत बसू नका. बहुतेक जोडाक्षरांना वेगळा कोड नसतो, ती फॉन्टमधल्या नियमांनी घडतात. नियम छाटले गेले की ‘प्र’ऐवजी पाय मोडलेला प आणि शेजारी सुटा र दिसतो.

बातम्यांच्या यादीत मजकूर ८० अक्षरांवर तोडणारा कोडही असाच घात करतो, शेवटी हलन्त लोंबकळतो. शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तोडा, किंवा सीएसएसनं ओळी मोजून थांबवा.

साइट सोपवण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वांत मोठी करा. पतसंस्थेचे ज्येष्ठ सभासद तशीच वाचतात. ‘नोंदणी करा’ दोन ओळींत गेलं तरी चालेल, पण बटणाबाहेर सांडता कामा नये.