मृगाआधी तळं उपसायचंय? पंपाआधी उतार बघा

रोहिणी लागतात २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनला. परसातलं किंवा बागेतलं छोटं तळं उपसून गाळ काढायला मधले हे बारा-चौदा दिवस बरे. पाणी तळाला गेलेलं असतं आणि पेरणीची घाई अजून अंगावर आलेली नसते. एकदा पाऊस धरला की ते काम पुढच्या उन्हाळ्यावर जातं, हे दरवर्षी होतं.

अशा वेळी जो तो 'घरच्या घरी पंप कसा बनवायचा' हे विचारतो. पंप पुढे सांगतोच, पण त्याआधी गवंड्याकडची लेव्हलची नळी (पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना एकाच पातळीवर राहतं) मागून आणा आणि तळ्यातल्या पाण्यापेक्षा खालची जागा जवळपास कुठे आहे ते बघा. शंभर फुटांच्या आत चार-पाच फूट उतार मिळाला, तर बहुतेक पाणी आपोआप निघून जाईल. पंप लागेल तो शेवटच्या अर्ध्या फुटाला.

आमच्याच तळ्याचा हिशेब सांगतो. २० बाय १५ फूट, सिमेंटच्या उभ्या भिंती, खोली चार फूट. मेअखेर त्यात अडीच फूट पाणी उरतं, म्हणजे ७५० घनफूट. घनफुटाला २८ लिटर धरले तर २१ हजार लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने उपसायचं तर चौदाशे बादल्या! हाताच्या पंपाने तासाला कसेबसे चौदाशे लिटर निघतात, म्हणजे पंधरा तास. तेच पाणी दोन इंची (६३ मिमी) पाइपच्या सायफनने (पाण्याने भरलेला पाइप भिंतीवरून खाली उतरवला की पाणी आपोआप ओढलं जातं, तो) पाच फूट उतारावर तासाला दहा-बारा हजार लिटरच्या हिशेबाने जातं. पातळी खाली जाईल तसा जोर कमी होतो, तरी दोन-अडीच तासांत दोन फूट पाणी उतरतं. खाली चिकूची आणि नारळाची आळी आहेत, पाणी तिथेच जिरतं.

सायफनला तोंड लावून पाणी ओढू नका. साचलेलं पाणी आहे, वर शेवाळ, खाली चिखल. पाइपच्या तळ्यातल्या टोकाला फुटबॉल (म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाणी आत घेणारी पण परत न सोडणारी झडप; दुकानात 'फुटबॉल' मागितला तरच पटकन मिळतो) बसवा. भिंतीवर जिथे पाइप सगळ्यात उंच येतो तिथे एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि तिला आट्यांचं झाकण. खालच्या टोकाला कॉक. कॉक बंद ठेवून वरच्या टीतून बादलीने पाइप काठोकाठ भरा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भरत राहा, घाई नको. मग झाकण टेफ्लॉन टेप लावून घट्ट करा आणि कॉक उघडा. खालचं टोक एका घमेल्यात बुडवून ठेवलं तर तिकडून हवा चढत नाही.

इथे माझी झालेली फजिती सांगायलाच हवी. गेल्या साली काळा पाइप कमी पडला म्हणून भिंतीपलीकडे लपेटा (मऊ, गुंडाळून ठेवायचा) पाइप जोडला. कॉक उघडला, दोन मिनिटं पाणी आलं आणि लपेटा चपातीसारखा चपटा होऊन बसला. सायफनच्या पाइपात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे बाहेरची हवाच मऊ पाइप दाबून टाकते. तेव्हा टोकापासून टोकापर्यंत कडक पाइप, पीव्हीसी किंवा काळा. याच कारणाने सांध्यातली गळतीही दिसत नाही. पाणी बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. संशय आला तर सांध्यावर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला की चोर सापडला. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा.

भिंत उंच असली की सायफन चालेल का, असंही विचारतात. पाण्यापासून पाइपचा उंच भाग कागदावर दहा मीटरपर्यंत चालतो, देशावर उंचीमुळे त्याहून थोडा कमी. पाच-सहा मीटरच्या आत असाल तर काळजी करू नका. बागेतल्या तळ्याला पाच फूटसुद्धा होत नाहीत.

पाणी घ्यायचं टोक तळाला टेकवू नका. टोमॅटोचा एक क्रेट घ्या, त्याला शेडनेटचे दोन वेढे द्या आणि फुटबॉल त्याच्या आत ठेवा. क्रेटला वरून रिकामे कॅन बांधले की तो पाण्याबरोबर खाली उतरत जातो आणि गाळाऐवजी वरचं निवळ पाणी ओढतो. गप्पी मासे असतील तर ते उपसा सुरू व्हायच्या आधी सकाळी काढा आणि त्याच तळ्याच्या पाण्याच्या टपात, सावलीत ठेवा. नळाच्या पाण्यात नको. कुणी थाई मागूर सोडून ठेवला असेल तर तो ओढ्यात जाऊ देऊ नका. हा मासा पाळायला देशात बंदी आहे आणि एकदा ओढ्याला लागला की तिथले मासे उरत नाहीत. जलपर्णी असेल तर तीही काठावर वाळवा.

आता उरला शेवटचा अर्धा फूट. दीडशे घनफूट, चार हजार लिटर आणि सगळा राडा. इथे सायफन हवा ओढतो आणि थांबतो. टुल्लू किंवा छोटी मोटार लावायचा मोह होतो, पण गाळात जाळी तुंबून ती कोरडी फिरते आणि जळते. शिवाय ओल्या पायांनी मोटार सरकवताना शॉक बसायची भीती. मोटार लावलीच तर पाण्यात पाय घालण्याआधी मेन स्विच बंद करा. तळं विहिरीसारखं खोल आणि अरुंद असेल तर इंजिन आत उतरवून चालवू नका, धूर तिथेच कोंडतो.

त्यापेक्षा घरचा हापसा बनवा. सायफनचा फुटबॉल सोडवून घ्या, तोच इथे लागतो. ६३ मिमीचा पाच फुटी तुकडा उभा, त्याच्या खाली फुटबॉल. हे झालं सिलिंडर. आत सरकणारा एक इंची (३२ मिमी) पाइप सहा-सात फुटांचा. त्याच्या खालच्या टोकाला एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) चिकटवा, त्यावर रबरी चकत्या घाला आणि त्यांना खालून एक इंची एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आवळून बसवा, बाण वरच्या दिशेला. चकत्या टायरच्या ट्यूबच्या किंवा जुन्या रबरी चपलेच्या, दोन-तीन. त्या सिलिंडरच्या आतल्या मापापेक्षा नखभर मोठ्या कापायच्या. फार मोठ्या झाल्या तर दांडा हलत नाही, लहान झाल्या तर पाणी बाजूने निसटतं. दगडावर घासत घासत माप जमवा, घाईघाईने कात्री चालवू नका. सरकायला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. ग्रीसने रबर फुगतं. आतल्या पाइपच्या वरच्या टोकाला टी बसवा, एक हात बुच मारून मुठीला, दुसऱ्या हातावर चार फुटांची लवचीक नळी. सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) लावलेले सांधे रात्रभर वाळू द्या.

हा हापसा दांडा खाली दाबताना पाणी वर टाकतो. दाबताना फुटबॉल बंद होतो, एनआरव्ही उघडतो आणि पाणी आतल्या पाइपात चढतं. वर ओढताना सिलिंडर पुन्हा भरतो. पाणी दाबताना चढत असल्यामुळे अंगाचं वजन कामी येतं, दंड तेवढे भरून येत नाहीत. फूटभर दाबलं की पाऊण लिटर पाणी येतं. मिनिटाला तीस दाब धरले तर तासाचे जवळपास चौदाशे लिटर होतात. दोघांनी आलटून पालटून केलं तर चार हजार लिटरला तीन तास, मध्ये एक चहा.

तळ्याच्या एका कोपऱ्यात गाळ खणून घमेलं मावेल एवढा खळगा करा, त्यात क्रेट आणि क्रेटमध्ये हापसा. तळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद घातलेला असेल तर खणू नका. सगळ्यात खोल कोपरा शोधा आणि हापशाखाली पोत्याची चारपदरी घडी ठेवा. दाबताना नुसती फसफस ऐकू आली की फुटबॉलच्या झडपेत खडा किंवा काडी अडकली असं समजा. हापसा काढून उलटा करा, झडप बोटाने उघडून धुवा, वरून एक तांब्या पाणी ओता आणि पुन्हा लावा. आमच्याकडे तीन तासांत चार वेळा हे करावं लागलं.

गाळ दह्यासारखा घट्ट झाला की हापसाही सोडा. तेलाचा चौकोनी डबा, त्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन दोऱ्या आणि समोरासमोर दोन माणसं. झोका देऊन डबा भरायचा आणि काठावर उलटायचा. आमचे आजोबा असंच उपसायचे. लय सापडेपर्यंत दोघेही चिखलाने माखतात, त्यामुळे आधी जुने कपडे घाला.

कागद घातलेल्या शेततळ्याला दोन गोष्टी जास्त सांभाळा. तळ पूर्ण कोरडा करून उन्हात दिवसचे दिवस उघडा टाकू नका, फूटभर पाणी राहू द्या. जमिनीतलं पाणी वर आलं तर रिकाम्या तळ्यातला कागद फुगून उचलला जातो. आणि त्यात उतरताना काठावरच्या खुंटाला बांधलेला गाठींचा दोर हातात हवाच. ओला कागद शेवाळाने काचेसारखा निसरडा होतो, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एकट्याने उतरू नका, लहान मुलांना काठाशी ठेवू नका.

गाळ निघाला की दोन-तीन दिवस सावलीत पसरून वाळवा आणि आळ्यांत बुंध्यापासून हातभर लांब घाला. पूर्ण उपसलेल्या तळ्यात कुठेही ओंजळभर पाणी साचलेलं ठेवू नका. आठ-दहा दिवसांत त्यातून डास उठतात. पाऊस लांबला तर गप्पी मासे टपातच राहू द्या, पण पाणी अधूनमधून थोडं थोडं बदला. हापशाचा दांडा काढून चकत्या धुवा आणि पाइप सावलीत आडवा ठेवा. उन्हात टाकलेला पीव्हीसी पुढच्या मे महिन्यात हातात घेतला की कडकन मोडतो.