जखमी मज्जातंतू स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवतो का, हे कसं तपासायचं

प्रयोगशाळेत नवीन आलेल्यांना मी आधी एवढंच विचारते: मज्जातंतूत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सापडलं, पण ते रक्तातून वाहत आलं की तिथेच तयार झालं?

तिथे तयार होऊ शकतं, हे माहीत आहे. बोल्यू यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं की श्वान पेशी, म्हणजे मज्जातंतूला वेढणाऱ्या पेशी, प्रेग्नेनोलोन या आधीच्या रेणूपासून प्रोजेस्टेरॉन बनवतात, आणि जखमी सायटिक नर्व्हवर (पायाच्या मोठ्या मज्जातंतूवर) नवं मायलिन, म्हणजे तंतूवरचं वेष्टण, चढायला त्याची मदत होते. पण तुमच्या प्रयोगात तेच घडलं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

रक्तात प्रोजेस्टेरॉन सोडतात त्या उंदराच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) आणि लैंगिक ग्रंथी, प्राण्यांच्या प्रयोगाची परवानगी हातात आल्यावरच, काढा. अधिवृक्क गेल्या की शरीरात मीठ टिकत नाही, म्हणून पिण्याच्या बाटलीत ०.९ टक्के मिठाचं पाणी हवंच. ते द्यायचं राहून गेलं तर जीव दगावतो, तेव्हा बाटली मी स्वतः रोज बघते. पुढे जाण्याआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन खरंच उतरलंय का, मोजून घ्या.

नमुना घेताना भूल देऊन हृदयातून थंड सलाइन सोडा आणि नजर यकृतावर ठेवा. गडद लाल रंग विटकरी होतो, मग फिकट पिवळसर. तोवर थांबा. पहिल्या वर्षी मी हे घाईत उरकलं. दुखऱ्या बाजूचा आकडा चढलेला पाहून हरखले होते. पण जखमेपाशी रक्त साकळलेलं होतं आणि आकडा त्याचाच होता. तीन महिन्यांचे नमुने बाद झाले.

जखमेच्या वरचा आणि खालचा तुकडा वेगळा ठेवा, लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. तुलनेला नुसती कातडी उघडून शिवलेले उंदीरही हवेत. फक्त त्याच उंदराच्या जखम नसलेल्या पायावर विसंबू नका.

मोजायला अँटिबॉडीचं किट नको. या रेणूंचे चेहरे इतके सारखे की किट एकाला दुसरा समजतं. रेणू वस्तुमानावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री वापरा, आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेलं प्रमाणित प्रोजेस्टेरॉन तुकडा वाटतानाच घाला, म्हणजे वाटेत किती सांडलं त्याचा हिशोब लागतो.

प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचा आरएनए वाढला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. ताजा तुकडा बशीत जिवंत ठेवून त्याला खूण केलेलं प्रेग्नेनोलोन द्या. निम्म्या बशांत ट्रायलोस्टेन घाला, ते प्रेग्नेनोलोनचं प्रोजेस्टेरॉन करणारं एन्झाइम अडवतं. खूण केलेलं प्रोजेस्टेरॉन फक्त ट्रायलोस्टेन नसलेल्या बशांत दिसलं, तर ते त्या तुकड्यानेच बनवलंय.