म्यूल डिअरची वसंतातील टेहळणी : या चुका टाळा

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या नैर्ऋत्येकडील रेड डेझर्ट या रुक्ष माळरानावर हिवाळा काढलेली म्यूल डिअर जातीची हरणे वसंतात विंड रिव्हर पर्वताच्या पायथ्याने उत्तरेकडे निघतात आणि त्यांतील काही थेट होबॅक खोऱ्यापर्यंत पोहोचतात. सुमारे २४० किलोमीटरची ही वाट २०११ मध्ये हॉल सॉयर या संशोधकाने हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधल्यानंतर उजेडात आली. मी शेजारच्या यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत राहतो आणि गेली बारा वर्षे दर मे महिन्यात या वाटेवरच्या पाइनडेल गावाच्या आसपासच्या डोंगरांत टेहळणीसाठी जातो. शरदातल्या शिकारीसाठी वाट हेरणारे आणि केवळ छायाचित्रांसाठी येणारे असे दोन्ही प्रकारचे लोक तिथे भेटतात, आणि दोघांच्याही चुका दरवर्षी त्याच असतात.

पहिली चूक तारीख धरून निघण्याची. मागच्या वर्षी अमुक दिवशी अमुक खिंडीत कळप दिसला होता, म्हणून यंदाही त्याच दिवशी रजा टाकायची, हा हिशेब हरणे पाळत नाहीत. बर्फ वितळल्यावर उगवणारे कोवळे गवत पचायला हलके आणि प्रथिनांनी भरलेले असते. तेच निबर झाले की त्यातला कस उतरतो. म्हणून हा कोवळेपणा जसजसा डोंगर चढत जातो, तसतशी हरणे त्याच्यामागून चढतात. वाट तीच राहते, कारण एकेक मादी वर्षानुवर्षे आपली जुनी वाट सोडत नाही. वेळ मात्र बर्फावर ठरते. माझी सवय अशी आहे की, पोहोचल्यावर पहिला दिवस मी चालतच नाही. रस्त्यावरून दुर्बिणीने दक्षिणेकडे तोंड असलेले उतार पाहतो, बोटभर हिरवे गवत किती उंचीपर्यंत चढले आहे ते वहीत लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उंचीच्या पट्ट्यात शोध घेतो. हा दिवस वाया गेला असे नवख्यांना वाटते. ते फोनवर नकाशा उघडून माझ्याकडे नेमकी ठिकाणे मागतात. मी ती देत नाही, कारण आयत्या ठिकाणावर गेलेला माणूस तिथे हरीण का थांबले होते हे कधीच शिकत नाही.

थांबणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. वायोमिंगमधील अभ्यासांत असे आढळले आहे की, स्थलांतराच्या काळातला जवळजवळ ९५ टक्के वेळ ही हरणे वाटेवरच्या मोजक्या मुक्कामांवर चरण्यात घालवतात आणि मधले अंतर भराभर तोडतात. त्यामुळे दिवसाला तीन खोरी पालथी घालणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एका उतारासमोर दोन पहाटा बसून राहणाऱ्याला बरेच दिसते.

ज्या चुकीचा मला सर्वाधिक त्रास होतो, ती जवळ जाण्याची. एप्रिल-मेमध्ये या माद्यांच्या अंगावरची चरबी वर्षभरातील सर्वांत कमी असते आणि पोटात जूनमध्ये जन्मणारी पाडसे असतात. काही वर्षांपूर्वी दोन नवखे सोबती माझ्याबरोबर होते. समोरच्या उतारावर तीसेक हरणे चरत होती आणि आम्ही घळीच्या अलीकडे, सातआठशे मीटरवर, वारा तोंडावर घेऊन बसलो होतो. अंतर अगदी योग्य होते. त्यांतील एकाला मात्र अधिक जवळचे छायाचित्र हवे होते, आणि मी स्पॉटिंग स्कोपमध्ये, म्हणजे लांबचे पाहण्याच्या एकनळी दुर्बिणीत, गुंतलेलो असताना तो खालून वळसा घालून थेट त्यांच्या वरच्या धारेवर उगवला. त्याचा आकार आकाशावर उमटताच सगळा कळप चारी पाय एकदम उचलत उसळ्या घेत पळाला, आणि पळाला तो डोंगराच्या सोंडेपलीकडच्या उत्तर उतारावर, जिथे अजून छातीभर बर्फ होता. शेवटची काही हरणे त्या बर्फात रुतत, पडत, पुन्हा उठत होती आणि आम्ही ते जवळजवळ चाळीस मिनिटे पाहत राहिलो. पुढचे दोन दिवस तो हिरवा उतार रिकामा होता. त्या सोबत्याला मी पुन्हा कधी बरोबर नेले नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, हरणाने चरणे थांबवून मान वर केली आणि कान माझ्याकडे वळवले, तर मी तिथूनच मागे सरकतो, समोर कितीही चांगले दृश्य असले तरी.

महाराष्ट्रातून आलेल्यांची एक चूक निराळी असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची सवय असलेले लोक इथेही पाणी गाठून बसतात. विदर्भातल्या मे महिन्यात ते बरोबर आहे. इथे मात्र त्याच महिन्यात प्रत्येक घळीतून वितळलेले पाणी वाहत असते आणि कोवळ्या चाऱ्यातही पुष्कळ ओलावा असतो. इथे पाणवठा सोडून गवत शोधावे.

मे महिन्यात नरांची पारख करू नये. जुनी शिंगे हिवाळ्यात गळलेली असतात आणि नवी मखमली कातडीखाली नुकती वाढू लागलेली असतात. वितळत्या बर्फातला माग पसरून मोठा दिसतो, म्हणून ठसा मोजायचा तो सावलीतल्या चिखलातला. गळलेली शिंगे गोळा करण्यास पश्चिम वायोमिंगच्या सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल बंदी असते, आणि २०२४ पासून माझ्यासारख्या राज्याबाहेरच्यांना त्यानंतरही आठवडाभर थांबावे लागते. तो आठवडा मला योग्यच वाटतो. ओढा पहाटेच ओलांडावा, कारण दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी संध्याकाळी चढते आणि सकाळी गुडघाभर असलेला प्रवाह माणसाला ओढून नेतो. अस्वलासाठीचा फवारा पाठपिशवीत नव्हे, कमरेला असावा.

कुंपणांकडे तर जवळजवळ कोणीच पाहत नाही. मे महिन्यात हिवाळी केस झडत असतात, आणि काटेरी तारेच्या खालच्या ओळीला अडकलेले राखाडी पुंजके पाहून हरणे नेमकी कुठून पलीकडे जातात ते कळते. अशी प्रत्येक जागा मी वहीत लिहितो, आणि जमिनीचा मालक भेटला तर त्याला ती दाखवून खालची तार जमिनीपासून चाळीसेक सेंटिमीटर वर घेण्याची विनंती करतो, कारण शरदात याच वाटेने परतताना आयांमागे त्या वर्षीची पाडसे असतात आणि त्यांना ती तार खालूनच ओलांडावी लागते. आतापर्यंत दोघांनी ती वर घेतली आहे.