दारू सोडवताना आम्ही केलेल्या चुका, तुम्ही तरी टाळा

गटारीच्या रात्री दादा नेहमीसारखा फुल्ल होऊन आला आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून एकदम बंद. आई जाम खूष. संध्याकाळी त्याचे हात एवढे थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना, आम्ही म्हटलं अंगातली उतरतेय, चांगलंच आहे की. दुसऱ्या दिवशी फिट आली, कांदा हुंगवला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसला, भिंतीवर एकही मुंगी नव्हती, आणि मला आमच्या वारलेल्या काकांच्या नावाने हाका मारत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं लागलंय, लिंबू-नारळ उतरवून टाका. तेही टाकलं. मग चुलत भावाने गाडी काढली आणि सिव्हिलला नेलं, तिथल्या डॉक्टर बाईंचा पहिला प्रश्न होता, शेवटची दारू कधी घेतली? आम्ही कौतुकाने सांगितलं, मॅडम, तीन दिवस थेंब नाही घेतला! त्यांनी कपाळाला हात लावला.

तर पहिली आणि सगळ्यात डेंजर चूक हीच. रोज पिणाऱ्याला, सकाळी उठल्या उठल्या लागते अशाला, घरात कोंडून झटक्यात बंद करायला लावणं. वर्षानुवर्षं दारूच्या गुंगीची सवय झालेला मेंदू ती अचानक काढून घेतल्यावर उधळतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६-८ तासात थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं. फिट येते ती बहुतेक ६ ते ४८ तासात. आणि ४८ ते ९६ तासात येतं ते डिलिरियम ट्रेमेन्स, डॉक्टर नुसतं डीटी म्हणतात, त्यात माणसाला भास होतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही, उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. म्हणजे मुंग्या दिसणं हे भूत नाही, इमर्जन्सी आहे. २०२० च्या लॉकडाऊनला केरळात दुकानं एकदम बंद झाली तेव्हा यावरून इतका गोंधळ उडाला की सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, हायकोर्टाने तो थांबवला ते वेगळं.

आधी कधी फिट आलेली असेल, भास झालेले असतील, लिव्हरचा किंवा हार्टचा त्रास असेल, तर बंद करायचा दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. ते क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या देतात, लिव्हर खराब असेल तर बहुतेक लोराझेपाम, आणि डोस रोज थोडा थोडा कमी करत आठवडाभरात बंद करतात. या गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने आणून परस्पर द्यायच्या नाहीत, कारण वरून दारू पडली तर श्वास मंदावतो. अजून एक, गावाकडे सर्रास होतं, अशक्तपणा आलाय म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून आणतात. खूप पिणाऱ्याच्या अंगात बी-१ व्हिटॅमिन, म्हणजे थायमिन, उरलेलंच नसतं, आणि नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबत लागतं. म्हणून सलाईन लावणाऱ्याला आधीच सांगा की पेशंट रोज पितो. लाजून गप्प बसू नका, आम्ही बसायचो.

"त्याला न कळत दारू सोडवा"

ही जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर बघितली नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. आमच्या आईने पण अशी पावडर आणून चार महिने डाळीत कालवली होती. तिच्यात काय होतं देव जाणे, बहुतेक काहीच नव्हतं आणि ते आमचं नशीब, कारण असल्या पुड्यांमध्ये डायसल्फिरम असलं तर खेळ जिवाशी जातो.

हे औषध खरं आहे, चांगलं आहे, १९५१ पासून अमेरिकेत मान्यता आहे, आपले मानसोपचार तज्ज्ञ पण देतात. दारू शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात बदलते आणि मग त्याचा निचरा होतो, हे औषध तो निचराच अडवतं. वरून पेग मारला की तोंड लालभडक, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. हार्ट कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून डॉक्टर आधी सगळं समजावून सांगतात, लिव्हरची टेस्ट करतात, ईसीजी काढतात, बरेच जण लेखी संमती घेतात आणि शेवटचा पेग होऊन किमान १२ तास झाल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत. हे सगळं ज्याला माहितीच नाही तो नेहमीसारखा जाऊन क्वार्टर मारणार, मग काय होईल ते तुम्हीच बघा.

आणि जिवावर बेतलं नाही तरी घर तुटतं. दादाला पावडरचं कळलं तेव्हा त्याने घरचा चहासुद्धा घ्यायचा बंद केला. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का, असं तो आईला म्हणाला. खरं म्हणजे त्यावेळी नाहीच म्हटला असता, पण आम्ही कधी विचारलंच नव्हतं ना. पावडर, अंगारा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, लग्न करून टाका सुधरेल (या शेवटच्यात एका मुलीची सुद्धा वाट लागते), सगळं आमचं आम्ही ठरवायचो आणि त्याच्यावर करायचो.

"श्रावण पाळतो म्हणजे मी बेवडा नाही"

दादाचा आवडता डायलॉग. महिना काढता येणं आणि व्यसन नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रावण संपायला किती दिवस राहिले ते तो कॅलेंडरवर बघत असतो का, तेवढं लक्ष ठेवा. ह्याचाच भाऊ म्हणजे "हार्ड सोडली, आता फक्त बिअर". ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, आणि ६० मिलीचा व्हिस्कीचा पेग म्हणजे साधारण २६ मिली. एक बाटली बरोबर दोन लार्ज. दादा तीन बाटल्या प्यायचा आणि म्हणायचा मी कमी केलीय.

"ॲडमिट केला की बरा होऊनच येईल"

इथे आमचे पैसे पण गेले. एका सेंटरवाल्यांनी सांगितलं तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री आमची पोरं येऊन उचलून नेतील. आम्ही दिला. दीड महिन्याने दादा वाळून परत आला, दंडावर वळ, आणि त्याच संध्याकाळी प्यायला. एवढ्यात कुणी सायकियाट्रिस्टने त्याला तपासलंच नव्हतं, ते नंतर कळलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारही येतात आणि त्यात पेशंटला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. म्हणून सेंटर बघताना एसी रूम आहे का ते नंतर विचारा, आधी विचारा नोंदणी आहे का, सायकियाट्रिस्ट किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कुठे नेता, घरच्यांना भेटू देता का. भेटू देत नाही म्हटलं की उठून यायचं.

चांगली सेंटर्स आहेतच. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून, आणि मारहाण न करता माणसाला माणूस म्हणून वागवून व्यसन सोडवता येतं हे महाराष्ट्राला तिथूनच कळलं. पण प्रत्येकाला ॲडमिट करायची गरज असतेच असं पण नाही. गोव्यात संगत नावाच्या संस्थेच्या लोकांनी सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये एक अभ्यास केला, जास्त पिणाऱ्या पुरुषांशी डॉक्टर नसलेल्या, पण ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचं, बस. २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात निकाल आला, तीन महिन्यांनी बोलणं झालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, बाकीच्यांमध्ये २६ टक्के. लक्षात ठेवा, हे पूर्ण आहारी न गेलेल्यांसाठी. म्हणून पुरता धुळीला मिळू दे मग अक्कल येईल म्हणत थांबण्यात काही अर्थ नाही, लवकर गेलात तर काम सोपं असतं. जातं कोण पण? २०१९ च्या देशपातळीवरच्या सर्व्हेत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळालेला होता, आणि ॲडमिट होऊन तर १८० मध्ये एकाला.

पुढचं काम महिन्यांचं असतं. आठवडाभरात शरीरातली दारू निघते, डोक्यातली नाही. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, ती झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांचं व्यसनही लागत नाही. दादाला एका मित्राने सांगितलं गोळ्या खाऊन सोडली ती खरी सोडलीच नाही, त्याने गोळ्या थांबवल्या आणि महिन्यात परत सुरू. शुगरवाल्याला कोणी असं सांगत नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना सावरणारा गट, त्यांच्या मीटिंगबद्दल पण लोकांच्या डोक्यात भलतंच असतं, तिथे फी नाही, जातधर्म कोणी विचारत नाही, दारू सोडायची इच्छा असली की झालं. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं आहे, वहिनी आधी तिकडे जायला लागली आणि दादा नंतर एएला, हे आमच्याकडे उलटंच झालं.

परत प्यायला तर?

पितात. दादा तीनदा घसरला. पहिल्या वेळी आम्ही म्हटलं सगळं वाया गेलं, बाबांनी बोलणं टाकलं, आणि लाजेने तो चार महिने डॉक्टरांकडे फिरकला नाही, ते चार महिने त्या एका रात्रीपेक्षा महागात पडले. तिसऱ्या वेळी वहिनीने भांडण केलं नाही, सकाळी नुसतं विचारलं, किती घेतली, कुठे घेतली, कोण होतं, आणि चालू गोळ्यांची पिशवी घेऊन दोघं त्याच दिवशी ओपीडीला गेले. मध्येच मोठं पिणं झालं असेल तर थरथर-फिटचा धोका परत पहिल्यासारखाच असतो, म्हणून जाताना किती दिवस आणि किती प्यायला ते खरं सांगा. रात्रीबेरात्री काय करायचं सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेली मानस, सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. आमच्याकडे दोन्ही नंबर फ्रीजवर चिकटवलेत आणि दादाची फाईल टीव्हीखालच्या कप्प्यात असते, कुठे आहे ते दादासकट सगळ्यांना माहितीये.