राज्यात पुढं नोकऱ्या कुठं वाढणार, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं

बारावी नाहीतर आयटीआय झालेल्या पोरांचे आईबाप एकच विचारतात, आता कुठल्या लाइनला स्कोप आहे? पेपरात 'अमुक लाख रोजगार' असं आलं की सगळे तिकडं पळतात, आणि मला खरंच काळजी वाटते, कारण तो आकडा वाचायचा कसा हे त्यांना कुणी सांगतच नाही.

आधी राज्याची आर्थिक पाहणी उघडा, बजेटच्या तोंडावर येते, नेटवर फुकट मिळते, मराठीतही असते. २०२४-२५ च्या पाहणीत वाढीचा अंदाज होता शेती ८.७ टक्के, उद्योग ४.९, सेवा ७.८. आता हे बघून वाटेल शेतीतच सगळ्यात जास्त कामं निघणार, तर तसं नाही! ही वाढ उत्पन्नाची आहे, माणसांची नाही. पाऊस चांगला झाला की आकडा चढतो पण रानात माणसं तेवढीच, उलट हार्वेस्टर आला की मजूर कमीच लागतात. माणसं मोजायची तर पीएलएफएस (पीरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे) बघा, केंद्राचा रोजगाराचा सर्व्हे आहे, त्यात पगारी किती, रोजंदारीवर किती, स्वतःचा धंदा किती, सगळं वेगळं कळतं.

टक्क्याला भुलू नका. ५ हजार माणसांच्या धंद्यात २० टक्के वाढ म्हणजे १ हजार जागा, आणि २ लाखांच्या धंद्यात नुसती ४ टक्के म्हणजे ८ हजार.

मोठ्या घोषणेत तर अजून नीट बघायचं. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च ७६,२२० कोटी, आणि सुमारे १० लाख रोजगार असं सांगितलं, पण त्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष दोन्ही धरलेत. बांधकाम चालू आहे तोवर वेल्डर, गवंडी, सळई बांधणारे लागणार, बंदर सुरू झालं की क्रेन ऑपरेटर, गोदाम, कस्टम क्लिअरिंग, ट्रक. म्हणजे तुमचा कोर्स संपेल तेव्हा काम कुठल्या टप्प्यावर असेल ते आधी बघायचं आणि मगच फी भरायची.

शेवटी जवळच्या एमआयडीसीत स्वतः जा. माझा भाचा दोन आठवडे शिफ्ट बदलायच्या टायमाला गेटवरचे बोर्ड वहीत लिहून आणायचा, ज्या कोर्सची जाहिरात सगळीकडं होती त्याचं नाव दोनदा आलं आणि 'इलेक्ट्रिशियन पाहिजे' चौदा वेळा. मग त्यानं तीच ट्रेड घेतली. टपरीवर चहा पिणाऱ्या कामगारांना पण विचारा, काँट्रॅक्ट किती महिन्यांचं, पीएफ कापतात का, आणि अप्रेंटिसनंतर किती पोरांना ठेवून घेतलं.