दुसऱ्याच्या वेगाचं चलान माझ्या नावावर

मोबाईलवर मेसेज आला, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर अतिवेग, दंड 2000 रुपये. गाडी त्या दिवशी सोसायटीत उभी. ओळखीच्यांचा सल्ला एकच, 'लोकअदालतीपर्यंत थांब, दंड कमी होतो.' पण दुसऱ्याचा दंड कमी करून तरी मी का भरू?

मेसेजमधल्या लिंकला हात लावला नाही. खोट्या चलानच्या लिंका हल्ली फार फिरतात. महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून चलान उघडलं. फोटो मोठा केला तर पांढरा पिकअप टेम्पो! माझी लाल हॅचबॅक. नंबरप्लेटवर चिखलाचा ओघळ असा आला होता की 3 चा 8 झाला होता, आणि तो 8 माझा.

अ‍ॅपमध्येच तक्रारीची सोय आहे. चलान निवडलं, आरसी आणि गाडीचा पुढून-बाजूने, नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो जोडला. मजकूर दोनच ओळींचा: फोटोतलं वाहन मालवाहू, माझं खासगी, नंबरातला अमुक अंक चुकीचा वाचला गेलाय. रागाचा परिच्छेद लिहून खोडला, तपासणाऱ्याला त्याचा काय उपयोग? थोड्या दिवसांनी चलान रद्द झालेलं दिसलं.

गाडी खरोखर आपलीच असेल तर मात्र फोटोवरचं ठिकाण आधी बघा. याच रस्त्यावर कारला सपाटीवर 100 ची मर्यादा, बोरघाटात 60 ची. बरेच जण तिथेच सापडतात.