पायांची रोजची हजेरी

चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं गेल्यावर कळलं; मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होत चालल्या होत्या. तेव्हा माझ्या शुगरला १४ वर्षं झाली होती.

आधी स्वतःचा हिशेब मांडा: मधुमेह किती वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७ टक्क्यांच्या किती वर, बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), वजन, मूत्रपिंडाचा त्रास, तंबाखू, दारू. जितकं जास्त, तितका नसांना धोका. मशेरी मी तंबाखूत धरतच नव्हते! मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासा, शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच; ते कमी पडलं तरी मुंग्या येतात.

रोज रात्री तळवे आरशात पाहा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पाणी किती गरम ते कोपराने बघा, पायाने नको. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (१० ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉनच्या बारीक धाग्याने) तळवे तपासून घ्या. डोळे मिटून बसायचं, धागा टेकलेला कळला की सांगायचं. मी उजव्या अंगठ्याला गप्पच राहिले.